पांघरुणाआधी अंथरूण

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की शहराशहरांत ब्लँकेटवाटप सुरू होतं. रात्री गाडी थांबते, फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर ब्लँकेट पडतं, गाडी पुढे जाते. त्यामागची माया खरीच असते. पण त्या माणसाच्या अंगातली ऊब नेमकी जाते कुठून, हे पाहायला गेलं की आपण चकित होतो. ती बरीचशी खाली, जमिनीत जात असते.

स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचं शरीर सुमारे ८० वॅट उष्णता सतत तयार करतं, म्हणजे जवळजवळ एका जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ब्लँकेट स्वतः काहीच तापवत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा ही उष्णता धरून ठेवते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. तेच ब्लँकेट घडी करून अंगाखाली घेतलं, तर वजनानं ती हवा निघून जाते आणि उरतं नुसतं चेपलेलं कापड. खाली असतं काँक्रीट. स्थिर हवेच्या कितीतरी पट वेगानं ते उष्णता ओढून घेतं, तेही रात्रभर. वरून दोन ब्लँकेटं असली तरी हे थांबत नाही.

आता टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याची कड निरखून पाहा. वर-खाली सपाट कागद, मध्ये लाटांसारखा वळवलेला कागद, आणि प्रत्येक लाटेच्या पोटात हवेचं एक बारीकसं भुयार. अंगठ्यानं जोरात दाबलं तर ते चेपतं. पण आडव्या माणसाचं वजन सगळीकडे पसरतं आणि पुठ्ठा ते पेलतो. गोधडी हवा धरते ती मऊपणानं, पुठ्ठा धरतो ताठपणानं, म्हणून अंगाखाली पुठ्ठाच कामाचा. रस्त्यावर राहणारी माणसं दुकानं बंद होताना खोकी गोळा करतात त्यात हे सारं शास्त्र आहे, आणि ते त्यांनी हाडांनी शिकलेलं आहे. उड्डाणपुलाखालची जागा धरण्यातही तेच. निरभ्र रात्री उघड्या आकाशाकडे अंगातली उष्णता निघून जाते; डोक्यावर छत असेल तर त्यातली बरीच परत मिळते.

शरीरही गप्प बसत नाही. गारठा जाणवताच कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आत, काळजाकडे वळतं. आत रक्त जास्त झाल्यासारखं वाटून मूत्रपिंडं लघवी वाढवतात. थंडीत सारखं लघवीला लागतं ते यामुळे. पण पहाटे तीनला सार्वजनिक शौचालयाला कुलूप असेल, तर बाईनं जायचं कुठे? म्हणून कित्येक जणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. ब्लँकेटवाटपात हे कुणाच्या ध्यानात येणार?

मग हुडहुडी भरते. स्नायू कसलंही काम न करता नुसते थरथरतात आणि उष्णता काही पटींनी वाढवतात. या थरथरीला इंधन लागतं, ते उपाशी पोटी कुठून येणार! गूळ-शेंगदाणे, गोड चहा, गरम वरण-भात ही थंडीवरची खरीखुरी मदत आहे. दारूचं मात्र उलट. ती कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल करते. वरवर ऊब वाटते आणि आतली ऊब बाहेर सांडत राहते.

मग द्यायचं काय? मला वाटतं, आधी बसून विचारावं. ‘काका, खाली काय अंथरलंय? पाय कोरडे आहेत का?’ उत्तरं अनपेक्षित असतात. कुणाला पायमोजे हवे असतात, कुणाला ताडपत्री. कुणाकडे ब्लँकेट असतं, पण दिवसा कामावर जाताना ते ठेवायला जागा नसते. एखाद्या दुकानदारानं बोचकं कोपऱ्यात ठेवू दिलं तर त्याचा सगळा हिवाळा सुधारतो.

आणि निवारा? सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोठ्या शहरांना दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितलं. आपल्या शहरात तो कुठे आहे हे आधीच माहीत करून घ्यावं. पण तिथे यायला कुणी नकार दिला, तर त्याला हट्टी म्हणू नये. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, हातगाडी बाहेर सोडावी लागते, पहाटेचा मजूर अड्डा लांब पडतो. शौनक सेन यांच्या ‘सिटीज ऑफ स्लीप’ (२०१५) या माहितीपटात दिल्लीत नुसती झोपायची जागा मिळवणं हीच केवढी मोठी धडपड आहे, ते दिसतं.

एका क्षणी मात्र विचारत बसायचं नाही. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की बोलणं जडावतं, पाय लटपटतात, भान हरपू लागतं. आणखी खाली गेलं की हुडहुडीच थांबते. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय, पडू दे. अशा वेळी १०८ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत ओले कपडे काढून कोरडं काहीतरी गुंडाळा, डोकं झाका, अंगाखाली पुठ्ठा सरकवा. हातपाय चोळू नका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच कोमट गोड चहा द्या. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथून हलू नका.