भिंतीतल्या माशीची राळ : औषध खरे, पण कोणत्या ऋतूतले?

जुन्या घराच्या भिंतीतल्या फटीत, दाराच्या चौकटीत किंवा विजेच्या मीटरच्या पेटीत कधी कधी एक छोटी चिकट नळी बाहेर आलेली दिसते. तिच्या तोंडाशी बारीक काळ्या माश्या ये-जा करत असतात. आपण त्यांना चिलटे समजतो, पण त्या मधमाश्या आहेत. लांबी जेमतेम चार मिलिमीटर. नांगी इतकी खुरटलेली की डंख मारता येत नाही. फार छेडले तर केसांत शिरून बारीक चावतात, एवढेच. भारतात आढळणाऱ्या अशा एका माशीचे शास्त्रीय नाव टेट्रागोन्युला इरिडिपेनिस. केरळात ती मडक्यात, बांबूत आणि लाकडी पेटीत पाळली जाते. तिचा मध थोडा आंबट आणि फार थोडा निघतो, म्हणून महाग असतो.

मधासोबत आता ‘प्रोपोलिस’ही विकले जाते. जखम, घसा, दातदुखी, मधुमेह, सगळ्यावर एकच बाटली, असे विकणारा सांगतो. आजारी माणसाच्या घरात शंभर-दोनशे रुपयेही मोठे असतात. म्हणून ही वस्तू नेमकी काय आहे, ते आधी समजून घेऊ.

औषध झाडाचे, माशी वाहून आणणारी

झाडाला जखम झाली की त्यातून राळ किंवा चीक पाझरतो. त्यामुळे जखम बुजते आणि बुरशी, जंतू, किडे आत शिरत नाहीत. माशी ही राळ मागच्या पायांवर लादून आणते आणि आपल्या मेणात मिसळते. याच मिश्रणाने ती पोळ्याच्या फटी बुजवते, दाराची नळी बनवते, मुंग्यांना अडवते. ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका माशीच्या पोळ्यात उपद्रवी भुंगेरा शिरला, तर कामकरी माश्या त्याला राळ, मेण आणि चिखलात जिवंत लिंपून टाकतात.

म्हणजे प्रोपोलिसमधला मुख्य गुण झाडाच्या राळेतून येतो. थायलंडमध्ये डंख नसलेल्या माश्यांच्या प्रोपोलिसमध्ये अल्फा-मँगोस्टिन हे जंतुरोधक द्रव्य सापडले. ते मँगोस्टीनच्या झाडाचे. हे झाड आपल्या कोकमाच्या भावकीतले. जिथे ते झाड नाही, तिथल्या माशीच्या राळेत ते द्रव्य कुठून येणार?

ऋतू बदलला की राळ बदलते

झाड बारा महिने सारखे पाझरत नाही. कुठे नवी पालवी फुटताना चिकट द्रव्य सुटते, कुठे छाटणीनंतर, तर कुठे फळ उकलल्यावर. ऑस्ट्रेलियातल्या कॅडाघी नावाच्या झाडाची राळ त्याच्या फळात असते. फळे उकलली की माश्या तिच्यावर तुटून पडतात. उन्हात राळ मऊ होते, थंडीत कडक होते. मुसळधार पावसात माश्यांचे बाहेर पडणेच कमी होते. त्यामुळे एकाच पोळ्यातल्या प्रोपोलिसमध्ये फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड या गुणकारी द्रव्यांचे प्रमाण ऋतूनुसार कमी-जास्त होते, आणि जंतू मारण्याची ताकदही बदलते. सगळीकडे लागू पडेल असा एकच ‘उत्तम महिना’ मात्र नाही. तो त्या भागातल्या झाडांवर ठरतो.

कारखान्यातल्या गोळीत औषध किती आहे ते मोजलेले असते. गावठी प्रोपोलिसच्या बाटलीत तसे मोजमाप नसते. आज गुण आला म्हणून पुढच्या बाटलीनेही येईलच, असे नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतू मेले, म्हणजे माणसाच्या शरीरातला आजार बरा झाला, असे होत नाही.

घरात काय पाळावे

भिंतीतले पोळे खरवडून ती राळ जखमेवर लावू नका. राळेचा तुटवडा असला की माश्या ओला रंग आणि रस्त्यावरचे डांबरही गोळा करतात. वस्तीत झाडे कमी आणि रंग-डांबर जास्त असते, हे लक्षात ठेवा.

मधुमेही माणसाच्या पायाची जखम प्रोपोलिसच्या भरवशावर एक दिवसही ठेवू नका. ती स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि सरकारी दवाखाना गाठा. उशीर झाला तर बोट, कधी पायही गमवावा लागतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच बंद करू नका.

दम्याचा किंवा अंगावर पित्त उठण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोपोलिस घेऊ नका; त्याची ॲलर्जी होऊ शकते. त्याचा अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, म्हणून लहान मुलांना देऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचे बोटही चाटवू नका.

कुणी बाटली पुढे केलीच, तर विचारा : कोणत्या माशीचे? कुठल्या भागातले? कोणत्या महिन्यात काढले? आत गुणकारी द्रव्य किती, ते तपासले का? उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.

भिंतीतले पोळे मात्र जाळू नका. या माश्या डंख मारत नाहीत, आणि दारातल्या शेवग्याच्या फुलांवरही त्या येतात.