फरियाद ते फिर्याद : मोफत विधी साहाय्य आणि न्यायाची भाषा

लखनौच्या आलमबाग भागात अभ्यागत प्राध्यापक म्हणून वास्तव्य करीत असताना मराठी कान एका शब्दापाशी वारंवार अडखळतो : 'फरियादी'. येथील हिंदी वृत्तपत्रांत अधिकाऱ्यांच्या जनसुनावणीस येणाऱ्या नागरिकास हे नाव असते. मूळ फारसी शब्दातील साहाय्यासाठीचा टाहो त्यात अद्याप ऐकू येतो. त्याच मुळाची मराठी 'फिर्याद' मात्र रीतसर नोंदविली जाते. तिला क्रमांक, कलम व तारीख असते. भारतातील मोफत विधी साहाय्याचा विकास हा याचनेकडून हक्काकडे झालेला असाच प्रवास होय. तो पूर्ण झाला आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने नादार व्यक्तीस न्यायशुल्क न भरता दावा दाखल करण्याची सवलत दिली होती. परंतु ती सवलतच होती. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्या कर्तव्याला प्रत्यक्ष आकार देणारे दोन महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातील प्रकरणांतून आले, ही बाब मराठी अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवी.

पहिले प्रकरण 'एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९७८). येथील बंदी हा विद्यापीठातील अध्यापक होता. तरीही उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर हाती न आल्याने अपिलास चार वर्षांहून अधिक विलंब झाला, असे त्याचे म्हणणे होते. त्याची याचिका फेटाळली गेली; पण न्या. कृष्ण अय्यर यांनी दंडक घातला, की बंद्यास निकालाची प्रत विनामूल्य द्यावी, तुरुंगाधिकाऱ्याने तिची लेखी पोच घ्यावी आणि वकील नेमण्यास असमर्थ असलेल्या बंद्यास न्यायालयाने वकील द्यावा.

दुसरे प्रकरण 'शीला बार्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९८३). मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांशी बोलून या पत्रकार महिलेने लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. न्या. भगवती यांच्या निर्णयानुसार अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीस कळवावयाचे होते. अटकेतील व्यक्तीचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत आणि तिला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावेत, असाही आदेश झाला. भिंतीवरील मजकूर निरक्षरास मुकाच असतो, ही जाणीव 'वाचून दाखवावेत' या शब्दांत आहे.

पुढे सुक दास प्रकरणात (१९८६) आरोपीने अर्ज केला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, असे ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती उत्पन्नाच्या अटीविना साहाय्यास पात्र ठरल्या. 'साहाय्या'ची जागा 'सेवे'ने घेतली, हा शब्दबदलही अर्थपूर्ण आहे.

तथापि, सेवा उपलब्ध असणे आणि ती उमगणे यांत अंतर आहे. मराठीत 'जामीन' म्हणजे सुटकेचा आदेशही आणि हमी राहणारा माणूसही. हिंदीत पहिल्यास 'जमानत', दुसऱ्यास 'जामिन' म्हणतात. आदेश झाला, पण हमीदार मिळाला नाही, तर गरीब बंदी आतच राहतो. आपण का सुटलो नाही, हे परप्रांतीय मजुरास कोणी त्याच्या भाषेत सांगितले नाही, तर वकिलाची नेमणूक कागदोपत्री पुरी होऊनही न्याय अपुराच राहतो.

तौलनिक साहित्याचा अभ्यासक भाषांतराला संस्कृतींमधील व्यवहार मानतो. कोठडीच्या दारात तो व्यवहार माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होतो. म्हणून विधी साहाय्याचा हिशेब नेमलेल्या वकिलांच्या संख्येने पुरा होत नाही. आपला हक्क किती जणांना आपल्या शब्दांत सांगता आला, हेही त्यात मोजावे लागेल. तोवर फिर्यादीच्या तळाशी फरियाद शिल्लकच राहील.