खेळाचे धनी (लेखांक ९) : चार भिंतींतलं बोलणं

प्रक्षेपण हक्कांचा पैसा संघमालकांत कसा वाटला जातो, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. गेल्या लेखात डोनाल्ड स्टर्लिंग यांचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर सांगलीच्या एका वाचकाने जो प्रश्न विचारला, तो बाजूला ठेवणं मला जमेना. त्यांचं म्हणणं असं : माणूस आपल्या मैत्रिणीशी खासगीत बोलला. वाईट बोलला, कबूल. पण गुन्हा नाही, खटला नाही, मग त्याचा संघ त्याच्याकडून काढून घ्यायला कोणी निघतंच कसं?

प्रकरण २०१४ चं. एप्रिलच्या २५ तारखेला लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे मालक स्टर्लिंग यांची ध्वनिफीत बाहेर आली. कृष्णवर्णीयांबरोबरचे फोटो लोकांसमोर टाकू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असं ते मैत्रिणीला बजावत होते. निमित्त होतं कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनबरोबरच्या तिच्या फोटोचं. क्लिपर्सचे बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय, प्रशिक्षक डॉक रिव्हर्सही कृष्णवर्णीय. चौथ्या दिवशी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे, म्हणजे एनबीएचे, आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी तहहयात बंदी जाहीर केली आणि २५ लाख डॉलर दंड ठोठावला. सिल्व्हर यांना त्या पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

आता उत्तर. अमेरिकेच्या राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारचे हात बांधतं. एनबीए ही खासगी संघटना आहे आणि संघमालक तिचा सभासद. आपल्याकडे फ्लॅट स्वतःच्या पैशाने घेतला तरी सोसायटीचे पोटनियम पाळावे लागतात, तसंच हे. स्टर्लिंग यांनी १९८१ मध्ये संघ विकत घेतला तो या संघटनेची घटना मान्य करूनच. ही घटना तोवर गोपनीय होती! सिल्व्हर यांनी शिक्षा जाहीर केली त्याच दिवशी ती लोकांसाठी खुली झाली. इतकी वर्षं मी ज्या कलमांबद्दल तुकड्यातुकड्यांत ऐकत आलो होतो, ती तेव्हा सलग वाचायला मिळाली.

त्यातलं कलम २४ माझ्या विशेष आवडीचं. घटनेत ज्याची तरतूदच नाही असा प्रसंग उद्भवला, तर संघटनेच्या हिताचं वाटेल ते आयुक्ताने ठरवावं. दंड मात्र तेव्हा २५ लाख डॉलरपुढे नेता येत नव्हता. खेळाला बाधक ठरणाऱ्या विधानांसाठी वेगळं कलम आहे, तिथे मर्यादा तेव्हा १० लाखांची होती. २५ लाखांचा आकडा आला तो या सर्वसमावेशक कलम २४ मधून. संघ काढून घेण्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यासाठी कलम १३ आणि मालकांचं तीन चतुर्थांश बहुमत. आणि कलम १४ सांगतं, की असा निर्णय अंतिम राहील, त्याविरुद्ध न्यायालयात जाण्याचा हक्क सभासदाने सोडला आहे. मतदानाची बैठक ३ जूनला ठरली होती. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे वर्षभरापूर्वीच सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले होते, तेव्हा त्यांचंही मत मोजलं गेलं असतं.

ध्वनिफितीचं काय? कॅलिफोर्नियात खासगी संभाषण टेप करायला दोन्ही बाजूंची संमती लागते, आणि ती होती की नव्हती यावर दोन्हीकडून उलटसुलट दावे झाले. सिल्व्हर यांची भूमिका साधी होती : बोलणं खासगीत झालेलं असो, आता ते सर्वांसमोर आहे, आणि आवाज आपलाच असल्याचं स्टर्लिंग यांनी मान्य केलं आहे. मला ही भूमिका पटते. ती फीत न्यायालयात पुरावा म्हणून टिकली असती का, हा प्रश्न एनबीएपुढे नव्हताच. आपले खेळाडू या माणसासाठी खेळतील का, एवढंच संघटनेला पाहायचं होतं.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. स्टर्लिंग लॉस एंजेलिसमधले बडे घरमालक. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांना ते भाड्याने घरं नाकारतात, असा दावा अमेरिकी न्याय खात्याने २००६ मध्ये त्यांच्यावर लावला. २००९ मध्ये २७ लाख २५ हजार डॉलर भरून त्यांनी तडजोड केली. आरोप मात्र मान्य केले नाहीत. हे सगळं सरकारी कागदपत्रांत होतं, वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांच्या काळात एनबीएने त्यावर स्टर्लिंग यांना कोणतीही शिक्षा केली नाही. ज्या आरोपांत माणसांच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न होता त्यावर संघटना गप्प राहिली, आणि एका संभाषणावर चार दिवसांत तहहयात बंदी आली.

एवढी घाई का झाली, हे फीत बाहेर आल्यानंतरच्या रविवारी ओकलंडच्या मैदानावर दिसलं. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या चौथ्या सामन्याआधी क्लिपर्सच्या खेळाडूंनी अंगावरची सरावाची जॅकेटं काढून कोर्टाच्या मध्यावर टाकली. आतले शर्ट त्यांनी उलटे घातले होते, संघाचं नाव दिसू नये म्हणून. प्रायोजक एकेक करून हात काढून घेऊ लागले. वॉरियर्सच्या खेळाडूंनी तर ठरवलं होतं, की शिक्षा पुरेशी नसेल तर पाचव्या सामन्यात चेंडू वर उडाला की सरळ मैदान सोडायचं. वॉरियर्सच्याच स्टीफन करीने हे नंतर स्वतः सांगितलं. तो सामना २९ एप्रिलच्या रात्री होता. सिल्व्हर यांनी निर्णय त्याच दिवशी, सामन्याच्या आधी जाहीर केला.

३ जूनचं मतदान मात्र झालंच नाही. संघ स्टर्लिंग कुटुंबाच्या ट्रस्टच्या नावावर होता. स्टर्लिंग आता ट्रस्टचा कारभार पाहण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम नाहीत, या दोन डॉक्टरांच्या अहवालाचा आधार घेऊन त्यांच्या पत्नी शेली यांनी संघ मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बामर यांना २०० कोटी डॉलरना विकायचा करार केला आणि नवराबायकोचा वाद लॉस एंजेलिसच्या न्यायालयात उभा राहिला. त्या खटल्याची गोष्ट पुढच्या आठवड्यात. प्रक्षेपण हक्कांचा हिशोब त्यानंतर.