घेणाऱ्यालाही देता यावे म्हणून

रोजच्या जगण्यातला निःस्वार्थपणा सहसा नजरेत भरत नाही, कारण आपण काही विशेष केले असे करणाऱ्यालाही वाटत नसते. शेजारच्या घरात बाळंतपण असेल तर चूल कोण पेटवणार, रोवणीच्या दिवसांत एखाद्याच्या बांधीत हात कमी पडले तर कोण उतरणार, हे गावात बैठक घेऊन ठरत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत अशी वागणूक जुनी आहे आणि तिच्यामागे साधी गरज आहे. पऱ्हे वेळेवर लावले गेले नाहीत तर धान हातचे जाते, आणि एका कुटुंबाच्या बळावर पावसाची वेळ साधत नाही. आज दुसऱ्याच्या बांधीत वाकणाऱ्याला उद्या आपल्या बांधीत माणसे लागणार असतात. हा हिशेब असला तरी तो कुणी लिहून ठेवत नाही. आजारी माणसाच्या किंवा एकट्या म्हातारीच्या बांधीतही रोवणी होते, तेव्हा तर परतफेडीची अपेक्षाच उरत नाही.

माडिया गोंडांच्या गावांत हे वागणे सणांत गुंफलेले आहे. गावाचा पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, झाल्याशिवाय नवे फळ, नवा दाणा तोंडात घालायचा नाही, ही तिथली रीत. आंब्याखाली आधी पोचलेल्या माणसाला सारे आंबे ओरबाडता येत नाहीत. त्याला गावासाठी थांबावे लागते. तेवढ्या दिवसांत फळ झाडावर पिकते, बी तयार होते आणि जंगलाचेही भले होते. देण्याइतकेच हे थांबणेही निःस्वार्थपणातच मोडते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने या जुन्या वळणाला आजच्या कारभारात जागा दिली. गावातले कार्यकर्ते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव देशभर माहीत झाले, पण तिथली खरी मेहनत ग्रामसभेची आहे. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. बाहेरच्या माणसाला यात वेळेचा अपव्यय दिसेल. प्रत्यक्षात, ज्यांच्या बाजूने जास्त हात वर होऊ शकतात ते लोक आपले बळ बाजूला ठेवून उरलेल्या एकाचे म्हणणे ऐकत बसतात. हातातली सत्ता न वापरणे हे पैसे देण्यापेक्षा अवघड असते.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक होते. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जंगलातल्या कामाच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम ग्रामकोषात टाकण्याची पद्धत गावाने पाळली. ज्याच्या घरी रोजची मजुरीच मिळकत आहे, त्याच्यासाठी दहावा हिस्सा ही लहान रक्कम नव्हे. पुढे २०१३ साली गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामदानात दिल्या. या कायद्यात शेतकरी आपली जमीन कसत राहतो आणि त्याची मुलेही ती कसू शकतात; मात्र मालकी गावाची होते, जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांसाठी निघतो आणि जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. सातबारावरच्या नावासाठी भाऊ भावाशी वर्षानुवर्षे कोर्टात भांडतो, अशा राज्यात मालकीचे हे विसर्जन केवढे मोठे आहे, हे शेतीवर वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

ग्रामदानाची मूळ कल्पना विनोबांची, त्यांच्या भूदानातून पुढे आलेली. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले आणि दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ त्यांच्याच हस्ते आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले.

आनंदवन उभे करणारे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. वरोऱ्यात ते वकिली करत होते आणि तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. त्या काळात त्यांनी भंग्याचे काम स्वतः अंगावर घेतले आणि डोक्यावरून मैला वाहिला. एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगाने सडत पडलेला माणूस त्यांना दिसला आणि ते भीतीने दूर पळाले. त्या भीतीची लाज त्यांना पुढे झोपू देईना. ते परतले, त्या माणसावर आडोसा धरला आणि त्याची सेवा केली. नंतर कोलकात्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले आणि जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीरही देऊ केले. या कथेतला धाडसाचा भाग मराठी वाचकाला परिचित आहे. आनंदवनाचे महत्त्व मात्र त्यानंतर काय झाले यात आहे.

सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्यावर सुरुवात झाली. जागा खडकाळ झुडपी माळ होती. विंचू आणि सापांची तिथे वस्ती होती. आधी विहीर खणली गेली, आणि ती रुग्णांनीच खणली. दानाने माणूस बिघडतो आणि कामाने घडतो, असा बाबांचा आग्रह होता. कुष्ठरोगात हातापायांची जाणीव जाते. बधिर तळव्याला फोड आलेला किंवा काटा रुतलेला कळत नाही, म्हणून काम संपल्यावर प्रत्येक बोट, प्रत्येक टाच डोळ्यांनी तपासावी लागते. न तपासलेली जखम चिघळते आणि बोट जाते. अशा हातांनी तिथे माती खोदली, भाजी पिकवली, भिंती चढवल्या आणि माग चालवले.

या हातांनी पिकवलेले अन्न घ्यायला शहर सुरुवातीला कचरत होते. परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहून बांधकाम करू लागले, तसा आसपासचा संकोच हळूहळू सैल झाला. त्यानंतर, १९६० च्या दशकात, आनंदवनाने वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय उभे केले. ज्यांना घरातून आणि गावातून हाकलले होते, त्यांच्या श्रमातून त्याच गावांच्या मुलांसाठी कॉलेज झाले. निःस्वार्थपणाची अनेक उदाहरणे या जिल्ह्यांत सापडतील, पण याच्या तोडीचे दुसरे सांगणे कठीण आहे. इथे घेणारा देणारा झाला, आणि एकदा देता आल्यावर त्याला दयेची गरज उरली नाही.

याच वाटेने १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प उभा राहिला. तिथल्या उन्हाळी श्रमसंस्कार छावणीत गावोगावचे तरुण घाम गाळायला येत राहिले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांनी विजेविना, रस्त्याविना माडियांवर उपचार केले. या सगळ्यात बाबांच्या पत्नी साधनाताई आमट्यांचा वाटा वेगळा सांगायला हवा. एका माणसाने सर्वस्व द्यायचे ठरवले की त्या घरातल्या बाईचे सर्वस्वही आपोआप त्यात जाते आणि तिला फारसे कुणी विचारत नाही. रुग्णांचे जेवणखाण, लहान मुले, आल्या-गेल्याची उठबस हे सारे साधनाताईंनी सांभाळले. ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन वाचल्यावर आनंदवनाचा इतिहास एकट्या बाबांच्या नावावर लिहिता येत नाही.

ऐकून घेण्यातही निःस्वार्थपणा असतो, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामात दिसते. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. आदिवासींना मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटते आणि रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहता येत नाही, हे लोकांकडून कळल्यावर संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना गोंड गावासारखा, झोपड्यांचा बांधला आणि दंतेश्वरी देवीच्या नावाने सुरू केला. तज्ज्ञाने आपल्या कल्पनेतली इमारत सोडून दिली, म्हणून रुग्ण आले.

नवजात बाळांच्या मृत्यूंवर त्यांनी शोधलेला उपाय गावातल्या बायकांच्या हातात होता. पाचवी-सातवी शिकलेली आरोग्यदूत बाई बाळंतिणीच्या घरी जाते. बाळाला कापडाच्या झोळीत घालून वजनकाट्याला लटकवते, घड्याळ लावून श्वास मोजते, अंग गार लागले तर उबदार पिशवीत गुंडाळते, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शन देते. बाळे वेळ पाहून जन्मत नाहीत. रात्री दोनला बोलावणे आले की कंदील घेऊन निघावे लागते. ३९ गावांत हे काम झाले आणि तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली.

आरोग्यदूत बाईला कामाचा मोबदला मिळतो. म्हणून तिचे काम निःस्वार्थ नाही, असे म्हणणे चूक ठरेल. पैशासाठी कुणी अंधारात पाड्यावर जाऊन दुसऱ्याच्या बाळाचा श्वास मोजत बसत नाही. मोबदला असतो तो तिचे स्वतःचे घर चालावे म्हणून. देशभरच्या योजनेत मात्र हा समतोल बिघडला. घरी जन्मलेल्या बाळासाठी आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सात वेळा आणि दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा वेळा जायचे, त्या सगळ्याचे मिळून २५० रुपये. महाराष्ट्रातल्या आशा कार्यकर्त्यांना २०२३ आणि २०२४ साली मानधनासाठी संप करावा लागला, तेव्हा सेवाभावाचा दाखला देणारे बरेच निघाले. सेवाभाव बाईचा असतो; त्याचा हवाला देऊन कमी पैसे देण्याचा अधिकार त्यामुळे सरकारला मिळत नाही. मेंढ्याच्या मजुराने दहावा हिस्सा कोषात टाकला, कारण तो टाकायचा हे त्याने स्वतः सभेत बसून मान्य केले होते. आशा कार्यकर्तीला तिचा हिस्सा कुणी विचारलेला नाही.