युद्धकाळची उसनी सत्ता

युद्धप्रसंगी सरकारास जादा अधिकार द्यावे लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न इतकाच की, ते परत कोण व केव्हा घेणार? एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे खटल्यात फेडरल कोर्टाने विनाचौकशी स्थानबद्धतेचा २६ वा नियम कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. त्याच महिन्यात वटहुकूम काढून सरकारने मूळ कायदाच मागील तारखेपासून बदलला! ते राज्य परकी होते. पण स्वराज्यात तरी काय झाले? डिसेंबर १९७१ चे युद्ध पंधरवड्यात संपले. त्यासाठी पुकारलेली आणीबाणी मात्र मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. १९७५ मध्ये तिच्यात अंतर्गत आणीबाणीची भर पडली आणि आमच्या मालवण किनाऱ्याचे, राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते तुरुंगात गेले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्थानबद्धांस दार लावले. न्यायमूर्ती खन्ना तेवढे विरुद्ध उभे राहिले. पुढे १९७८ च्या घटनादुरुस्तीने आणीबाणीस दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी आवश्यक केली, हे उचित झाले. तथापि रोख्यावर मुदत लिहिली म्हणून वसुली आपोआप होत नाही. तगादा लावावा लागतो, हे आमच्या व्यापारी बंधूंस सांगणे नलगे. सत्तेच्या वसुलीचा तगादा नागरिकांनीच लाविला पाहिजे.