पहिला तास कशाची साक्ष देतो?

गेल्या आठवड्यात आपण पाहिले की लिनक्सचे कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, वेगळे आणि पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप वेगळा. कर्नलला हात न लावता डेस्कटॉप मुळापासून बदलता येतो. तो तसा बदलला की लोकांना पहिल्यांदा काय वाटते आणि त्या वाटण्याला किती किंमत द्यावी, हा या आठवड्याचा विषय. त्यासाठी ६ एप्रिल २०११ रोजी आलेल्या ग्नोम ३ या डेस्कटॉपइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. ग्नोम २ ची मांडणी २००२ पासून लोकांच्या हातात बसलेली होती. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, वरच्या पट्टीत डावीकडे मेनू, खालच्या पट्टीत उघड्या विंडोंची यादी. नव्या आवृत्तीत खालची पट्टी गेली, ते मेनू गेले, डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले, विंडोच्या कोपऱ्यातली मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझची बटणेही गेली. उरला वरचा काळा पट्टा, त्याच्या डाव्या टोकाला ‘ॲक्टिव्हिटीज’ हा शब्द आणि मधोमध घड्याळ. पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी जाहीरपणे नापसंती सांगून एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप धरला. माझे म्हणणे असे की पहिल्या तासातली तक्रार सहसा खोटी नसते, पण ती कशाविषयी आहे हे तक्रार करणाऱ्यालाही त्या तासात कळत नाही. कधी ती रचनेतल्या खऱ्या उणिवेची असते, कधी बोटांत मुरलेल्या सवयीची, आणि दोन्हींचा सूर अगदी सारखा असतो. त्या वेगळ्या करायला काळ जावा लागतो. ग्नोम ३ च्या बाबतीत तो गेलेला आहे, म्हणून आज पडताळा घेता येतो.

सर्वांत मोठा गलका झाला तो मिनिमाइझच्या बटणावरून. आता हे बटण काय करते ते नीट पाहा. विंडो दिसेनाशी करून ते तिला खालच्या पट्टीत ठेवते. ग्नोम ३ मध्ये ती पट्टीच नव्हती, तर विंडो जाणार कुठे? त्याऐवजी दुसरी रीत होती. माउस वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन टेकवला, किंवा सुपर कळ (अनेक कीबोर्डांवर विंडोजचे चिन्ह असलेली) दाबली, की सगळ्या उघड्या विंडो लहान होऊन पडद्यावर शेजारी शेजारी पसरतात. हवी ती निवडायची. प्रोग्रॅम उघडायचा तर तिथेच नावाची दोन-तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबायचे. विंडो झाकून ठेवण्याची गरजच कमी व्हावी, हा त्यामागचा विचार होता. ही रीत हाताला बसेपर्यंत बटणाची उणीव डाचते, बसली की बऱ्याच जणांना ते आठवतही नाही. आजही मूळ ग्नोममध्ये विंडोला बंद करण्याचे एकच बटण आहे. टोरवाल्ड्सही पुढे एक्स्टेन्शन्स या जोड-प्रोग्रॅमांच्या आधाराने ग्नोमकडे परतले. एका माणसाच्या येण्याजाण्याने रचना बरोबर ठरत नाही, पण पहिले मत शेवटचे नसते एवढे त्यावरून दिसते.

संगणक बंद करण्याच्या तक्रारीचे मात्र तसे नव्हते. ग्नोम ३.० मध्ये उजव्या कोपऱ्यातला मेनू उघडला की शेवटी ‘सस्पेंड’ एवढेच दिसे. ‘पॉवर ऑफ’ हवे असेल तर मेनू उघडा असताना ऑल्ट कळ दाबून धरायची, मग ‘सस्पेंड’च्या जागी ते शब्द येत. हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. झाकण मिटले की झोपणारा लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून ही योजना केली असावी. पण सस्पेंडमध्ये उघडे काम रॅममध्ये राहते आणि रॅमला वीज लागत राहते. जिथे रात्री काम संपल्यावर भिंतीवरचा स्विच बंद करतात, किंवा जिथे वीज न सांगता जाते, तिथे न साठवलेले काम त्यासरशी गेले. आपल्याकडच्या घरांत, शाळांत आणि छोट्या कार्यालयांत हे दोन्ही नित्याचे आहे. ही सवयीची कुरकुर म्हणता येणार नाही. माणसाला करायची असलेली साधी गोष्ट त्याच्यापासून लपवली गेली होती. २०१२ च्या ३.६ आवृत्तीत ‘पॉवर ऑफ’ मेनूत परत आले. पडद्याच्या तळाशी दडलेला सूचनांचा पट्टाही असाच पहिल्यापासून गोंधळाचा वाटत होता. मार्च २०१५ मध्ये ३.१६ ने तो काढून सूचना वरच्या घड्याळाखाली नेल्या.

यात एक धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो नवख्या माणसाचा आहे. ज्याने ग्नोम २ कधी पाहिलेच नव्हते त्याला मिनिमाइझचे दुःख असण्याचे कारण नाही. पण लॉगिन केल्यावर त्याच्यासमोर येई एक निळसर चित्र आणि त्याच्या वर काळा पट्टा. आता काय करायचे, कुठे दाबायचे, याची एकही खूण नाही. ‘ॲक्टिव्हिटीज’ या शब्दावरून प्रोग्रॅम तिथे असतील असे कोणाला सुचावे? जुन्या वापरकर्त्यांच्या आरडाओरड्यात ही शांत अडचण झाकली गेली. दहा वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये आलेल्या ग्नोम ४० ने तिला उत्तर दिले. लॉगिन होताच आता विंडोंचा पसारा दाखवणारा तो पडदा आपोआप उघडतो, आवडत्या प्रोग्रॅमची पट्टी खाली दिसते आणि शोधाची जागा वर. या वेळी रचनाकारांनी बदलाआधी मुलाखती, प्रश्नावली आणि वापरचाचण्या घेतल्या होत्या. आणखी अडीच वर्षांनी, ग्नोम ४५ मध्ये, ‘ॲक्टिव्हिटीज’ हा शब्दच पट्ट्यावरून गेला. सवय नसलेल्या माणसाचे पहिले मत शेवटी खरे ठरले, पण त्याला दशकभर थांबावे लागले.

यावर रास्त आक्षेप असा की सवयीला एवढे हलके का लेखावे? सवय ही कमाई आहे. रेमिंग्टन पद्धतीने मराठी टंकलेखन शिकलेल्या माणसाला सांगून पाहा की इन्स्क्रिप्टची मांडणी जास्त तर्कशुद्ध आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. तो मान्य करील आणि तरीही जुनाच कळफलक मागेल, कारण वेग त्याच्या बोटांत आहे, तर्कात नाही. त्याचे मागणे चूक नाही. डेस्कटॉपचेही तसेच आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या मागण्याला वाट मिळाली. ग्नोम २ चाच कोड पुढे चालवणारा माटे आणि लिनक्स मिंटचा सिनॅमन हे दोन्ही याच उलथापालथीतून जन्मले आणि आजही नांदत आहेत. उबुंटू या लिनक्स वितरणाने २०१७ मध्ये स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप सोडून ग्नोम घेतले, तेव्हा बाजूची पट्टी आणि मिनिमाइझचे बटण आपल्या हाताने परत बसवले. म्हणून सवयीची तक्रार फेटाळा असे माझे म्हणणे नाही. तिचे उत्तर पर्याय देणे हे आहे. उणिवेच्या तक्रारीचे उत्तर दुरुस्ती करणे हे आहे. पहिलीसाठी सर्वांची रचना मागे फिरवणे आणि दुसरीला ‘सवय होईल’ म्हणणे, या दोन्ही चुका ग्नोमभोवतीच्या वादात भरपूर झाल्या.

आणि काही गोष्टी पहिल्या तासात दिसतच नाहीत. ३.६ मध्येच आयबस ही टंकनव्यवस्था ग्नोमच्या आत आली. इंग्रजी कीबोर्ड आणि मराठी इन्स्क्रिप्ट एकाच यादीत बसले. आज सुपर आणि स्पेस दाबून एकातून दुसऱ्यात जाता येते. फक्त इंग्रजीत टाइप करणाऱ्याला हा बदल जाणवणारही नाही. रोज दोन भाषांत लिहिणाऱ्यासाठी मात्र तो पट्टीच्या रंगापेक्षा आणि बटणांच्या जागेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि त्याची किंमत आठवडाभर लिहिल्यावरच कळते.

तुमच्या संगणकावर नव्या रूपाचा डेस्कटॉप येईल तेव्हा पहिल्या दिवशी एका कागदावर दोन रकाने करा: एकात ‘वेगळे वाटले’, दुसऱ्यात ‘करताच आले नाही’. तीन आठवड्यांनी तो कागद काढून दुसऱ्या रकान्यातले जे अजून तसेच असेल ते त्या प्रकल्पाच्या तक्रारनोंदीत जरूर लिहा, आवृत्तीचा क्रमांक आणि नेमके काय अडले यांसह.