शिकाऊ हातांवरचे वॉर्ड

गेल्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेनंतर एका जिल्ह्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात मी चार रात्री काढल्या. रात्री दोनला सलाइनची बाटली बदलायला यायची ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ती थेंब मोजायची, ओठ हलत असायचे. 28 खाटांच्या त्या वॉर्डात पगारी सिस्टर एकच, आणि तिसऱ्या रात्री तीही खालच्या मजल्यावर अडकलेली. आईला हुडहुडी भरली तशी ही पोरगी जिन्यावरून धावत खाली गेली. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. करू का, असं विचारायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून ती घाबरली होती.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले.

नर्सिंग शिक्षणाचा सांगाडाच असा आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची शाळा 1860 मध्ये निघाली. विद्यार्थिनींनी वॉर्डात राबत शिकायचं, ही पद्धत तिथून साम्राज्यभर पसरली. आपल्याकडे तिचं फार मोठं भलं झालं, हेही मान्य करायला हवं. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनने ससून रुग्णालयात मुली शिकायला पाठवल्या, त्यांच्या राहण्याची सोय केली. परक्या पुरुषाला हात लावणं जिथे पाप मानलं जाई, त्या घरांतल्या विधवा पांढरी साडी नेसून वॉर्डात उभ्या राहिल्या. प्रशिक्षणाची वाट खुली झाल्यावरच रुग्णालयांना शिकलेल्या बायका मिळू लागल्या.

पण शिकाऊ हात फुकट मिळू लागले की पगारी जागा भरायची निकड संपते. ब्रिटनने 1989 पासून ‘प्रोजेक्ट 2000’ राबवून विद्यार्थिनींना ड्युटीच्या मनुष्यबळातून बऱ्याच अंशी बाहेर काढलं. त्या शिकायला आल्या आहेत, हे मान्य केलं. आपल्या भारतीय नर्सिंग परिषदेचे निकषही कागदावर चांगले आहेत : साधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 मागे 1. म्हणजे विद्यार्थिनी आल्या की सिस्टर वाढायला हव्यात. त्या वॉर्डात नेमकं उलटं चाललं होतं.

पुढे बाँड येतो. पास झालेल्या मुलीची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घ्यायची आणि वर्ष-दोन वर्षं तुटपुंज्या पगारावर राबवायचं, ही कित्येक ठिकाणची रीत. 2011-12 मध्ये केरळच्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यात बाँडविरुद्धचा राग होता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही पगार 20,000 रुपयांच्या खाली नको, आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका द्यावा. शिफारस सक्तीची नव्हती, त्यामुळे बरीच रुग्णालयं आहेत तिथेच आहेत. मला याची चीड येते. हेच मालक मग ‘नर्स टिकत नाहीत हो’ म्हणून हळहळतात.

केंद्राने 2023 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नवी नर्सिंग महाविद्यालयं मंजूर केली. जागा वाढतील, मुलीही येतील. पण त्यांच्या प्रोसिजर बुकात सही करणारी सिस्टर प्रत्यक्ष शेजारी उभी राहून शिकवणार आहे का, की पाळी संपताना पंधरा सह्या एकदम ठोकणार? पहिल्याच पोस्टिंगमध्ये एकटी पडलेली मुलगी तिथेच नोकरीचा अर्ज कशाला करील?

आईला घरी सोडलं त्या सकाळी ती पोरगी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन निघाली होती. पास झाल्यावर इथेच राहणार का, असं विचारलं. ‘नाही काकू,’ ती म्हणाली, ‘आम्ही सहाजणींनी जर्मनचा क्लास लावलाय.’ महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत, हे तिला पाठ होतं.

मग लाजून तिने सांगितलं, रात्री थेंब मोजायची ते जर्मनमध्ये. आइन्स, त्स्वाय, द्राय.